गुलमर्गला स्कीइंगला जायचंय. ॲपमध्ये दहा दिवसांनी बर्फ दाखवतोय, त्या भरवशावर बुकिंग करू का?

नका करू. दहा दिवसांनंतरच्या तारखेवर बर्फाच्या खुणेचं ते पांढरं फूल दिसतंय म्हणून विमानाची तिकिटं काढणं म्हणजे बाजारात तुरी.

एवढं ठासून सांगतोय, कारण जानेवारी २०२४ मध्ये असंच फूल बघून आमची वरात निघाली होती. आणि ते फूल दाखवणारे आमचे साडू आजही आपलं चुकलं म्हणायला तयार नाहीत.

मी स्कीइंगचा कोर्स गुलमर्गलाच केलाय. त्यामुळे घरात मी ‘एक्स्पर्ट’, पण सल्ला ऐकायची वेळ येईपर्यंतच. त्याआधीचा डिसेंबर सगळा कोरडा गेला होता. ओमर अब्दुल्लांनी बोडक्या गुलमर्गचे फोटो टाकले होते. ते मी फॅमिली ग्रुपवर पाठवले, तर साडूंचं उत्तर, “राजकारणी माणूस, सोडा हो.” संक्रांतीच्या आठवड्यातलं बुकिंग त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. जेवायला आले तेव्हा मोबाइल पुढे केला. बुधवारवर फूल, खाली ६० टक्के.

“हे कुठलं दाखवतंय?” मी विचारलं.

“काश्मीरचं!”

वर बारीक अक्षरात श्रीनगर लिहिलेलं. फुलावर बोट ठेवलं तर आत आकडा निघाला ०.४ मिमी. आता एक मिमी पाण्याचा साधारण एक सेंटिमीटर बर्फ होतो, कडाक्याची थंडी असली तर दीड. म्हणजे यांचा बर्फ अर्धा सेंटिमीटर. दाढीला फेस लावतो तोसुद्धा याहून जाड असतो. ६० टक्के ही तर नुसती पडण्याची शक्यता, किती पडणार ते त्यात येतच नाही. श्रीनगरचं हवामान केंद्र कोरडं हवामान सांगतंय, तेही मी सांगून बघितलं. त्यावर साडू म्हणाले, “आपली वेधशाळा? ती पाऊस नाही म्हणाली की आम्ही छत्री घेऊन निघतो.” सगळे हसले. सहल पक्की झाली ती त्या हसण्यावर.

गुलमर्गच्या पायथ्याशी, तंगमर्गच्या गमबूटवाल्याने डोळ्याची पापणी न हलवता आठ जोड्या भाड्याने दिल्या. वर गुलमर्गला पिवळं गवत. घोडे धूळ उडवत चाललेले. साडूंचा धाकटा गमबूट फटफटवत त्या गवतात पळत होता आणि सारखा विचारत होता, “बाबा, बर्फ कुठेय?” बुधवारी गोंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, फेज टूला, तिच्या वरच्या टप्प्याला गेलो. तिथे बर्फ होता, पण पट्ट्यापट्ट्यांचा, मधून दगडांची टोकं वर आलेली. त्यावर स्की घालणं म्हणजे किसणीवरून घसरणं. तेवढ्यात दहा मिनिटं भुरभुर झाली. साडूंनी हातमोजा काढून तळवा पुढे धरला. तीन कण पडले, विरघळले. “आला की नाही?” म्हणाले.

आम्ही परतलो आणि महिनाअखेरीला तिथे खरंच दणकून बर्फ पडला. साडूंनी व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलेलं: “फोरकास्ट बरोबर होता, फक्त लेट.”

तर तुमचा प्रश्न. फोरकास्ट पडणार काय ते सांगतो, पायाखाली काय आहे ते नाही. स्कीइंग होतं ते आधी साचलेल्या बर्फावर. म्हणून आधी मागच्या पंधरा-वीस दिवसांची नोंद काढा, किती मिमी पडलं ते बघा, आणि तिथल्या एखाद्या स्की गाइडला आजचा व्हिडिओ मागा. खाली दगड झाकणारा थर नसेल तर वरच्या दहा सेंटिमीटरला फक्त फोटोपुरता अर्थ आहे.

दुसरं, ठिकाण आणि उंची तपासा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, गुलमर्ग २,६५० च्या आसपास, फेज टूचं स्टेशन ३,९०० च्या वर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. म्हणून श्रीनगरला ४ अंशांत पाऊस दाखवत असेल तर रडू नका, तोच वर बर्फ होऊन पडतो. (हा हिशोब ढगाळ, ढवळलेल्या हवेचा. निरभ्र रात्री थंड हवा खोऱ्यात बसते, तेव्हा तो फसतो.) ॲपमध्ये ‘फ्रीझिंग लेव्हल’, म्हणजे हवा शून्य अंशाला येते ती उंची, मिळत असेल तर फूल सोडून तीच बघा. ती ३,००० च्या वर गेली की गुलमर्गच्या मैदानावर ओला रेंदा किंवा सरळ पाऊस. मार्चमध्ये हे बऱ्याचदा होतं. आणि दिवसा ऊन, रात्री उणे असं दाखवत असेल तर सकाळी खाली गोठलेल्या बर्फाची काच असते. धार नसलेल्या भाड्याच्या स्की तिच्यावर नुसत्या खरखरतात.

तिथला हिवाळी बर्फ येतो वेस्टर्न डिस्टर्बन्समधून, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी पट्ट्यांतून. ते भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येतात, त्यामुळे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतात. त्यापलीकडचं फूल हा निव्वळ अंदाज. कामावरून रजा आधी काढावी लागते हे मान्य, पण मग निदान तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या. चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, बर्फाचे म्हणून लोक डोळे मिटून जातात. मी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी पसंत करतो. अर्थात २०२५ मध्ये फेब्रुवारीनेही दगा दिला. गुलमर्गचे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले.

आणि हो, भरपूर बर्फ पडून गेल्यावरचे दोन-तीन दिवस फेज टूच्या बाहेरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफरवटवर, म्हणजे फेज टूच्याच डोंगरावर, एक रशियन स्कीअर असाच जिवानिशी गेला. फोरकास्ट कितीही गोड असो, गाइडशिवाय तिकडे वळू नका.

वारा सांगायचा राहिला. पुढच्या खेपेला मी एकटा गेलो, वरचं सगळं गणित मांडून. बर्फ अगदी सांगितला तसा पडला, आणि वाऱ्यामुळे फेज टू दोन दिवस बंद. गोंडोलाच्या रांगेतून साडूंना बर्फाचा फोटो पाठवला, तर उलट विचारतात, “तुमच्या फोरकास्टमध्ये वारा नव्हता का?” होता. ते पान मी उघडलंच नव्हतं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.