पहिल्यांदा हेडचे पोर्टिंग करताना
जुन्या मोटारसायकलचे हेड (इंजिनच्या सिलिंडरवरचा भाग) घरीच पोर्ट करण्याचा, म्हणजे त्यातले हवेचे व धुराचे मार्ग (पोर्ट) घासून नीट करण्याचा, तुमचा विचार चांगला आहे. मात्र पहिला हात रोजच्या गाडीवर न फिरवता आर्वी किंवा यवतमाळच्या भंगारातून आणलेल्या निकामी हेडवर बसवावा, कारण एकदा घासलेले ॲल्युमिनियम परत येत नाही.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे पोर्ट रुंद करणे. त्याने हवेचा वेग घटतो आणि कमी आरपीएमवर, म्हणजे आपल्या गावरस्त्यांवर गाडी बहुतेक वेळ जिथे चालते तिथेच, ओढ कमी होते. सध्या फक्त ओतकामाच्या रेघा व उंचवटे काढावेत. व्हॉल्व्हकडे वळणाऱ्या आतल्या वळणाला अजिबात हात लावू नये. ते काम पुढचे आहे.

इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याचा पोर्ट, आरशासारखा चकचकीत करू नये. ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा खरखरीतपणा राहू द्यावा, नाहीतर भिंतीवर पेट्रोल साचते. चकाकी हवीच असेल तर ती एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या पोर्टला, द्यावी, तिथे कार्बन कमी चिकटतो.

व्हॉल्व्ह सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे घट्ट टेकतो त्या कड्याची, मात्र जिवापाड काळजी घ्यावी. माझे पहिले हेड तिथेच वाया गेले: बर (ग्राइंडरचे दातेरी टोक) क्षणभर उसळला आणि सीटवर नखाला लागेल एवढी खाच पडली. तेव्हापासून मी जुना व्हॉल्व्ह बसवूनच ग्राइंडर सुरू करतो. बरच्या दातांत ॲल्युमिनियम भरू नये म्हणून मधूनमधून मेणबत्ती टेकवावी. चष्मा आणि मास्क हवेतच.

शेवटी हेड साबणाच्या गरम पाण्याने धुवावे, वापरायचे व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून घट्ट टेकतील असे करून) स्प्रिंगसह बसवावेत, आणि पोर्टमध्ये थोडे रॉकेल ओतून सीटपाशी पाझर दिसतो का ते पाहावे.