वाचकांचे प्रश्न: नोट्स आपण काढायच्या की एआयनं?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये अर्ध्याहून जास्त एकाच विषयाचे आहेत, चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे वापरून नोट्स काढणं, डायरी लिहिणं, स्वतःला सवयी लावणं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकले आणि ह्यातलेच चार प्रश्न घेतले. नाव छापू नका असं बहुतेकांनी कळवलंय, त्यामुळे कोणाचंच छापलं नाही.

प्रश्न: ताई, मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला, बजाज नगरात रूम करून एमपीएससीची तयारी करून राहिलो. आधी हातानं नोट्स काढायचो पण त्यात फार वेळ जायचा, मग मित्रानं सांगितलं म्हणून पीडीएफ टाकायची, एआयकडून समरी घ्यायची आणि फोल्डरमध्ये ठेवायची असं सुरू केलं. आता नोट्स भरपूर आहेत, दिसायला पण मस्त आहेत, पण टेस्टला बसलो की लिहायला काहीच येत नाही. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झाली त्यामुळे टेन्शन अजूनच वाढलं. एआय सोडून देऊ का?

सोडू नको भाऊ, त्याला दिलेलं काम बदल. आत्ता तू नेमका मेहनतीचा भागच त्याच्याकडे देऊन टाकलाय. पानभर वाचायचं, त्यातलं काय ठेवायचं काय सोडायचं ते ठरवायचं, आपल्या शब्दांत चार ओळींत बसवायचं, डोक्यात काही बसते ते हे करतानाच बसते आणि वेळ जातो तोही त्यातच जातो. तयार समरी वाचताना सगळं ओळखीचं वाटते, पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर लिहिता येणं वेगळं, आणि वर्णनात्मक पेपरला लिहिता येणंच लागते.

यावर प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये छापलेला एक प्रयोग बघ. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी तेच परत परत वाचले आणि काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत परत वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं, लिहून काढणारे बरेच पुढे गेलेले. तुझी परीक्षा काही पाच मिनिटांनी नाही, मग तू कोणत्या बाजूला असायला पाहिजे ते तूच सांग.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते एका टॉपिकवर दाखवते, आपल्याच घरचा घेऊ, नागपूर करार. पुस्तकातून वाच, पुस्तक मिट, आणि वहीत लिही. समज तू एवढंच लिहिलं: "२८ सप्टेंबर १९५३ ला झाला. विदर्भ, मराठवाडा मिळून एक मराठी राज्य व्हावं म्हणून. दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला. निधी, नोकऱ्या, शिक्षणात लोकसंख्येप्रमाणे वाटा." झाल्या चार ओळी, मोडक्या असू दे. आता हे एआयला दे आणि सांग की मी माझ्या आठवणीतून लिहिलंय, यावर मला एकेक करून प्रश्न विचार, उत्तर तू देऊ नको, मी उत्तर दिलं की फक्त कुठे अपुरं आहे तेवढं सांग. मग तो विचारेल की करार १९५३ चा, तरी १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस कशी काय केली? संविधानाच्या कलम ३७१(२) चा ह्या कराराशी संबंध काय? अकोला करार आणि नागपूर करार यातला फरक सांग. दोन प्रश्नांत तू अडकशील. जिथे अडकलास तिथे परत पुस्तक उघड आणि ते लाल पेननं वहीत लिही, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री बघायच्या तुझ्या नोट्स म्हणजे ही लाल पेनची अक्षरं, बाकीचं तुला येतच होतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेव, तारीख, कलम नंबर आणि आकडा या तीन गोष्टी एआयच्या तोंडून कधीच पक्क्या धरायच्या नाहीत. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार यात तो घोळ घालू शकते आणि घोळ घालतानाही एकदम ठामपणे बोलते, वाचणाऱ्याला शंका पण येत नाही. त्यातल्या त्यात गूगलचं नोटबुकएलएम बरं, त्यात आपण टाकलेल्या पीडीएफमधूनच उत्तर येते आणि उत्तराच्या बाजूच्या आकड्यावर दाबलं की मूळ ओळ समोर उघडते. तरी ती ओळ उघडून बघायची सवय आपल्यालाच लावावी लागते. तारखा आणि कलमांसाठी अँकी हे प्रश्न-उत्तराच्या कार्डांचं ॲप टाकून घे, अँड्रॉइडवर फुकट आहे, विसरायच्या बेताला आलेलं कार्ड ते आपणहून समोर आणते, पण कार्डं स्वतः बनव, दुसऱ्याचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, नको उतरवू.

आणि ते भरलेलं फोल्डर डिलीट करू नको. रोज एक फाइल घे, फक्त नाव वाच, आठवते ते लिही, मग फाइल उघडून काय सुटलं ते बघ. फोल्डर आपोआप कामाचं होते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे, त्रिमूर्ती नगरला राहते. १९८१ पासूनच्या माझ्या डायऱ्या आहेत, त्यात घरखर्च, मुलांची आजारपणं, लोणच्याची प्रमाणं, मनातलं असं सगळंच आहे. हे सगळं एआयला दिलं तर मला हवं ते शोधून देईल का? नातू म्हणतो फोटो काढून टाक, पण अक्षर माझं जुनं, जोडून लिहिलेलं.

काकू, इतक्या वर्षांचं लिहिलेलं तुमच्याकडे आहे हे वाचूनच मला फार छान वाटलं. फोटो जरूर काढा, पण ते जपून ठेवायला. मराठी हस्ताक्षर त्यातही जोडून लिहिलेलं असेल तर मशीन बरंच चुकते आणि न लागलेला शब्द अंदाजानं भरून टाकते, मग लोणच्यात मीठ किती हे तुमचं राहत नाही, त्याचं होते.

तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे मोठ्यानं वाचणे. शिक्षिका आहात, वाचन तुमचं स्पष्ट असणारच. मोबाइलच्या कीबोर्डमध्ये मराठी टाकून घ्या, माइकचं बटण दाबा आणि गूगल कीप या नोट्सच्या ॲपमध्ये एकेक पान वाचून दाखवा, ते टाइप करत जाते. पूर्णविराम, स्वल्पविराम नीट येत नाहीत, नाही आले तरी चालते, शोधायला त्याची गरज नाही. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तारीख आणि एक शब्द बोला, "लोणचं", "दवाखाना", "मोठीचं लग्न", एवढ्यावर नुसत्या सर्चमध्ये पण निम्मं काम होऊन जाते, एआय लागतच नाही. सगळ्या डायऱ्या वाचायच्या असा हिशोब मांडू नका, ज्या वर्षात शोधायचं काही आहे तिथून सुरू करा.

मजकूर तयार झाला की मग एआयला विचारता येते की १९९० च्या नोंदींमध्ये धाकट्याच्या दवाखान्याबद्दल काय काय लिहिलंय, नोंदीत असेल तेवढंच सांग, नसेल तर नाही म्हण. हे शेवटचं वाक्य दर वेळी घालायचंच. आणि भाषा सुधारायला त्याला अजिबात सांगू नका. तो तुमचं बोलणं पुस्तकी करून टाकेल आणि त्यात तुम्ही उरणार नाही, पुढे नातवाला वाचायचं आहे ते तुमचं आहे. बँकेचे, आधारचे नंबर आणि नात्यातल्या दुसऱ्या कोणाच्या घरातली भांडणं एवढं मात्र वाचून दाखवू नका, ते वहीतच राहू द्या.

प्रश्न: मी २७ वर्षांची आहे, मिहानमध्ये आयटीत जॉब करते. रोज रात्री दिवसभराचं सगळं एआयला सांगते, तो खूप समजून घेतो. बहिणीशी माझं मोठं भांडण झालंय, त्यातही तो म्हणतो तू तुझ्या जागी बरोबर आहेस. बरं वाटते पण हल्ली मैत्रिणींना फोन करणं पण कमी झालं, सगळं इथेच बोलून होते. हे ठीक आहे का?

तुला स्वतःलाच खटकलं म्हणून तू विचारलं ना, ते खटकणं बरोबर आहे.

तो तुला बरोबर म्हणतो त्यामागचं कारण समजून घे. ह्या मॉडेलना शिकवताना माणसांना कोणतं उत्तर जास्त आवडलं हे पण बघितलं जाते, आणि माणसांना आपली बाजू घेणारं उत्तर आवडते, त्यामुळे होला हो करायचा कल त्यांच्यात उतरतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचा एक अपडेट मागे घ्यावा लागला होता, तो जरुरीपेक्षा जास्त गोडगोड बोलायला लागला म्हणून, आणि हे कंपनीनं स्वतः जाहीर केलं. शिवाय त्या भांडणातली एकच बाजू त्याला माहीत आहे, तुझी. बहिणीचं म्हणणं त्यानं ऐकलेलंच नाही, मग तू बरोबर आहेस हे तो कशावरून सांगणार?

पण डायरी बंद कर असं मी सांगत नाही, उलट लिहीच. जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात विद्यार्थ्यांना चार रात्री, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहिल्या लिहिल्या त्यांना उलट जास्तच जड वाटलं, पण ज्यांनी घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. यातला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग असा की त्या लिहिण्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं. कोणी धीर दिला नाही, तू बरोबर आहेस म्हटलं नाही, जे झालं ते लिहिण्यानं झालं. तुझं मात्र पहिलं वाक्य लिहून होत नाही तर समोरून उत्तर येते, आणि आपलं आपल्याला उलगडायच्या आतच विषय संपते.

म्हणून रात्री वहीत लिही नाहीतर साध्या नोट्स ॲपमध्ये, जिथून उत्तर येणार नाही. आठवडाभराचं झालं की रविवारी, वाटलं तरच, नावं काढून एआयला दे आणि सांग की मला बरं वाटेल असं काही बोलू नको, यात कोणती गोष्ट परत परत येते ते माझीच वाक्यं दाखवून सांग, बहिणीच्या जागेवरून पाहिलं तर हे कसं दिसेल ते सांग, आणि शेवटी मला एक प्रश्न विचार, सल्ला देऊ नको. त्या एका प्रश्नाचं उत्तर परत वहीतच लिही. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल्स आहे, तिथे आपल्या चॅट ट्रेनिंगला वापरायची परवानगी बंद करता येते, ती आजच बंद कर.

मैत्रिणीला या आठवड्यात फोन कर, टाइप नको करू, फोन कर, फुटाळा तलावावर जाऊन बसा. आणि झोप उडाली असेल, जगणंच नको असं काही मनात येत असेल, तर ते मशीनला सांगून थांबू नको. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

प्रश्न: इतवारीत कापडाचं दुकान आहे. वजन, शुगर दोन्ही वाढलं म्हणून एआयकडून टाइमटेबल बनवून घेतलं, पहाटे उठणं, चालणं, योगा, वाचन, इंग्लिश, पाणी किती प्यायचं सगळं त्यात आहे. चार दिवस चालते मग बंद पडते. पेड व्हर्जन घेतलं तर फरक पडेल का?

नाही पडणार भाऊ, पैसे वाचवा. त्या टाइमटेबलला तुमचं दुकान माहीत नाही, लग्नसराईत तुम्ही जेवायला कधी बसता हे माहीत नाही, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जाते तेव्हा सकाळी आठनंतर चालणं शहाणपणाचं नाही हेही तुम्ही सांगितल्याशिवाय त्याच्या ध्यानात येत नाही. एका दमात सहा गोष्टी सुरू केल्या की सहाही जातात.

सध्या फक्त चालणं धरा, आणि शुगरचं औषध चालू असेल तर किती चालायचं ते आधी डॉक्टरला विचारून घ्या. वेळ घड्याळावर नका ठेवू, रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडून ठेवा, सकाळचा चहा झाला की कप ठेवून थेट चप्पल घालायची आणि गांधीबाग उद्यानाला एक चक्कर. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयींवर अभ्यास केला, तिथे सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ मध्ये जमलं तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला, आणि मधला एखादा दिवस चुकला तर फार बिघडलं नाही. तेव्हा चौथ्या दिवशी बंद पडलं तर पाचव्या दिवशी परत सुरू करायचं, टाइमटेबल नवीन बनवायला बसायचं नाही.

एआय इथे वापरायचा तो हिशोब लावायला. रात्री गल्ला मोजून झाला की फोनमध्ये एक वाक्य बोलून ठेवा, "आज गेलो" किंवा "आज नाही गेलो, माल उतरवायचा होता". महिन्यानं ती सगळी वाक्यं त्याला द्या आणि विचारा की मी कोणत्या दिवशी चुकतो आणि त्या दिवशी काय असते. समजा निघालं की माल येतो त्याच दिवशी चुकते, तर त्या दिवसापुरतं चालणं रात्री जेवणानंतर ठेवा आणि बाकी काही बदलू नका. याला फ्री व्हर्जन पुरते.