मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी शेतावर पाठवावे का? आजोबा फार कडक आहेत.

अवश्य पाठवावे आणि शक्यतो आईवडिलांनी सोबत जाऊ नये. आपल्या प्रश्नातला ‘कडक’ हा शब्द मला लागला, कारण माझा थोरला भाऊ आमच्या आजोबांविषयी गेली चाळीस वर्षे हाच शब्द वापरत आला आहे.

आमचे आजोळ मंगळवेढ्याकडचे. परीक्षा संपली की आई आम्हा दोघांना सोलापूरच्या स्टँडवर एसटीत बसवून देत असे. १९८४ च्या मे महिन्यात, मी आठ वर्षांची असताना, आजोबांनी वाड्यातले मालदांडी ज्वारीचे पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खोल खड्डा, उघडले. तोंडावरची फरशी सरकवताच आंबूस, गरम वाफ अंगावर आली. आजोबांनी पेटता कंदील दोरीने आत सोडला. तो दोन हातही खाली गेला नसेल, तोच ज्योत बारीक होऊन विझली. नेमका त्याच वेळी दादा ज्वारी पाहण्यासाठी कडेला पालथा पडून आत डोकावत होता. आजोबांनी त्याला दंडाला धरून मागे ओढले आणि गड्यांच्या देखत थोबाडीत दिली.

सुट्टीला आलेल्या नातवावर हात उगारणे हा निर्दयपणा होता, असे दादा आजही म्हणतो. मला ते साफ अमान्य आहे. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि कर्बवायू तळाशी साचतो. आत उतरलेला माणूस हाक मारण्याआधीच कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही वर येत नाही. ती वेळ समजावत बसण्याची नव्हती. पेव दुपारपर्यंत उघडे ठेवले, कंदील पुन्हा सोडला आणि तो जळत राहिला तेव्हाच गडी आत उतरला. कडेची ज्वारी काळी पडली होती, मधली मात्र पांढरी, टपोरी निघाली. पहिल्या पाटीतली ज्वारी आजोबांनी दादाच्या ओंजळीत ओतली, हे तो कधीच सांगत नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण वाड्यातले ते पेव केव्हाच बुजवले गेले. आता भीती शेततळ्यांची आहे, कारण ओल्या प्लास्टिकवरून पाय निसटला की पोहता येणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. शिवाय मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे लहान मुलांना दुपारी रानात सोडू नये. आणि आजोबा रागावले अशी तक्रार मुलाने केलीच, तर तो तेव्हा कशाच्या काठावर उभा होता, हे आधी विचारावे.