वाचकांचे प्रश्न : रुग्ण पुढे पाठवताना

प्रश्न : सासऱ्यांच्या छातीत पहाटे कळ आली. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं आणि सांगलीला न्यायला सांगितलं. तिथे ‘कसलं इंजेक्शन? किती वाजता?’ विचारलं, आम्हाला सांगता येईना. ईसीजीही मागेच राहिला. सगळी तपासणी पहिल्यापासून झाली. आमचं कुठे चुकलं?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : चिठ्ठी नीट लिहून देणं हे पाठवणाऱ्याचं काम, त्यामुळे दोष तुमचा नाही. पण गाडीत बसण्याआधी ती मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना हे विचारावंच लागतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज, दिलेलं असताना चुकून पुन्हा दिलं किंवा हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध दुबार पडलं, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. आणि दिलेलंच नसेल, तर चौकशीत जाणारं प्रत्येक मिनिट हृदयाच्या स्नायूला महागात पडतं.

चिठ्ठीत हवं ते असं : कळ कधी सुरू झाली, ॲस्पिरिन चावायला दिली का आणि किती मिलिग्रॅम, इंजेक्शनचं नाव, डोस, घड्याळातली वेळ, शेवटचं बीपी. ‘प्राथमिक उपचार करून पुढे पाठवले’ एवढंच लिहिलेला कागद नसल्यातच जमा. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटतो आणि उष्णतेनेच काळा पडतो, म्हणून नाव आणि वेळ दिसेल असा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फोन डॉक्टरांनी डॉक्टरांनाच करावा. नातेवाइकाने ‘बेड आहे का?’ विचारलं की काउंटरवरून ‘आहे, या’ असं उत्तर येतं. कॅथलॅब, म्हणजे हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडतात ती खोली, आत्ता चालू आहे का, हे त्यात कुठेच येत नाही. पलीकडे कोण बोललं त्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि गाडीत, कळ आली तेव्हा जवळ असलेली व्यक्ती बसवा. आपल्याकडे भाऊबंदांतला वजनदार माणूस पुढे बसतो आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत हे ज्यांना ठाऊक, त्या सासूबाई घरीच राहतात!

प्रश्न : पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण कराडला पाठवावे लागतात. फोनवर नेमकं काय सांगावं?
– एक परिचारिका, पाटण तालुका

उत्तर : आधी गरज, मग हकिगत. उदाहरणार्थ : ‘व्हेंटिलेटर लागू शकेल असा रुग्ण पाठवतोय. पुरुष, वय 32. संध्याकाळी 7 वाजता उजव्या पायाला दंश. 7.50 ला पापण्या पडू लागल्या, आता मान सावरत नाही. 20 मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलंय. 8 वाजता सर्पविषप्रतिबंधक लशीच्या 10 व्हायल (छोट्या बाटल्या) सुरू केल्या. ऑक्सिजन 94.’ मग पलीकडच्यांना व्हायलचा आकडा आणि वेळ परत म्हणायला लावा. ‘दहा दिल्या’ आणि ‘दहा द्यायच्यात’ यांत नेहमी घोटाळा होतो.

पहिला डोस सुरू केल्याशिवाय रुग्ण हलवू नये. 108 ला फोन करताना रुग्णाचा श्वास धोक्यात आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे व्हेंटिलेटरची गाडी मागता येते. तरीही अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, आणि ती दाबता येणारा माणूस सोबत हवाच. कोयनेच्या खोऱ्यात रेंज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा बोलणं गाडी सुटण्याआधीच उरका.

प्रश्न : अर्धांगवायूत ‘साडेचार तास’ कुठून मोजायचे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याची ही मुदत मोजायची रुग्णाला शेवटचं धडधाकट पाहिलं तिथून. सकाळी उठताना तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपला ती वेळ सांगा; तरीही थांबू नका, काही रुग्णांना त्यानंतरही उपचार मिळू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. वाटेत पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. बीपीची गोळी जिभेखाली तर मुळीच नको. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असेल तिथेच न्या, आणि निघतानाच तसा निरोप द्या.