नोटरीचा भाडेकरार पुरेसा का?

प्रश्न : नाशिकमधला वन बीएचके ११ महिन्यांसाठी द्यायचाय. भाडे १८,०००, डिपॉझिट ६०,०००. एजंट म्हणतो, करार वर्षाच्या आतला, नोटरी चालेल. खरं का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठराविक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा करार, बोलीभाषेत भाडेकरार) कितीही महिन्यांचा असो, नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ‘वर्षाच्या आत नोंदणी नको’ हा १९०८च्या नोंदणी कायद्यातला नियम. एजंट मंडळी तोच इथे चिकटवतात. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. खरी मेख इथेच आहे.

खर्च फार नाही. ११ महिन्यांचं भाडं १,९८,०००, त्यात परतीच्या डिपॉझिटवर १० टक्के दराने ५,५०० व्याज मिळवा. या २,०३,५००वर पाव टक्का, म्हणजे साधारण ५०९ रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,०००. बाकी एजंटचा मेहनताना, तो आधी ठरवा.

ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. आधारवर अंगठा जुळावा लागतो. वयस्कर मालकांच्या रेषा झिजलेल्या असतात, मग दुसरं बोट लावून पाहा.

मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) जा. भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. चावी देताना वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो घ्यायला मात्र विसरू नका.