‘आय वन हिम’, चेकमेट आणि ‘मात दिली’

प्रश्न असा आलाय: मुलगा कॅरम खेळून आला आणि म्हणाला ‘आय वन हिम’, बाईंनी ते चूक ठरवलं, पण मराठीत ‘मी त्याला जिंकलं’ चालतं तर इंग्रजीत का नाही? आणि हरवण्यासाठी डिफीट सोडून इंग्रजीत अजून कुठले चांगले शब्द आहेत?

बाई बरोबर आहेत. इंग्रजीत विन करायची ती मॅच, पैज, निवडणूक, बक्षीस. माणसाला किंवा टीमला बीट करायचं. ‘वी वन ऑस्ट्रेलिया’ म्हटलं की अर्थ होतो ऑस्ट्रेलिया हा अख्खा देश आपल्याला बक्षीस मिळाला. हे वाक्य मी ट्रेनमध्ये ऐकतो, ऑफिसात ऐकतो, चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी त्रास होतो. त्याचं जुळं भावंड म्हणजे ‘वी लॉस्ट फ्रॉम देम’, हे सरळसरळ ‘त्यांच्याकडून हरलो’चं भाषांतर, इंग्रजीत ‘लॉस्ट टू देम’ म्हणतात. झालं एवढंच.

आता शब्द. बीट आणि डिफीट सगळ्यांना माहिती आहेत, ते सोडून देऊ. बेस्ट आणि वर्स्ट ही जोडी मात्र बघाच. विशेषण म्हणून एकमेकांच्या अगदी उलट, आणि क्रियापद म्हणून दोघांचा अर्थ एकच, हरवणे! ‘ही बेस्टेड हिम’ म्हणजे याने त्याला हरवलं आणि ‘ही वर्स्टेड हिम’ म्हणजेही याने त्याला हरवलं. एकात आपण वरचढ झालो, दुसऱ्यात समोरच्याची वाईट गत केली, निकाल तोच. वर्स्ट हे क्रियापद यातलं जुनं, बेस्ट बरंच नंतर आलं.

थ्रॅश म्हणजे मुळात थ्रेश, मळणी. आपण ‘बोलर्सना झोडपून काढलं’ म्हणतो ना, तेच. कोकणात भात झोडताना पेंढी दोन्ही हातांनी धरून डोक्यावर नेतात आणि फळीवर किंवा दगडावर आपटतात, दाणे खाली आणि हातात नुसता पेंढा. ज्याने हे बघितलंय त्याला थ्रॅशिंगचा अर्थ डिक्शनरीत बघावा लागत नाही.

ड्रब हा माझा फार लाडका शब्द. ‘दे गॉट अ ड्रबिंग’ म्हणजे सपाटून मार खाल्ला. हा शब्द इंग्रजीत 17 व्या शतकात पहिल्यांदा दिसतो तो पूर्वेकडे फिरून आलेल्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात, आणि तिथे त्याचा अर्थ तळपायांवर छड्या मारण्याची शिक्षा असा आहे. त्यावरून अभ्यासकांचा तर्क असा की हा अरबी ‘दरब’, म्हणजे मारणे. यातलं ‘द’चं अरबी अक्षर फारसीत ‘झ’सारखं उच्चारतात, म्हणून तिथे तो ‘झर्ब’ झाला, आणि मराठीत आला तो ‘जरब’ होऊन! सरांची जरब, सासऱ्यांची जरब. मुघल नाण्यांवर टांकसाळीच्या गावाआधी हाच झर्ब असतो, कारण नाणं ठोकूनच पाडायचं. ड्रबबद्दल काही लोक अजून का-कू करतात, पण दुसरी पटेल अशी व्युत्पत्ती कुणी दिलेली नाही आणि पहिले सगळे दाखले तिकडचेच आहेत, मग मला तरी ड्रब आणि जरब सख्खे वाटतात.

पण ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो शब्द चेकमेट. बुद्धिबळाबाहेरही, कुणाची सगळी वाट अडवून त्याला हरवलं की इंग्रजीत चेकमेट म्हणतात. यातलं चेक म्हणजे ‘शाह’, फारसीतला राजा. चतुरंग आपल्याकडून इराणात गेलं तिथे चतरंग झालं, अरबांनी शतरंज केलं, मग युरोपात पोचता पोचता शाहचं लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून चेक झालं. पुढे तर कमालच आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब 10 फूट लांब 5 फूट रुंद टेबलावर व्हायचा, त्यावर चौकड्यांचं कापड अंथरून सोंगट्या सरकवत बेरजा करायच्या, ते पटासारखं दिसायचं म्हणून खजिन्याचं नावच एक्स्चेकर पडलं. चेक्सचा शर्ट याच शाहचा, बँकेचा चेकही त्याच घरातला. आणि शाह हा प्राचीन फारसीत ‘क्षायथिय’ असा होता, सत्ता चालवणे या अर्थाच्या धातूवरून, म्हणजे आपल्या ‘क्षत्र’चा नातेवाईक. तुमच्या अंगातला चौकड्यांचा शर्ट आणि क्षत्रिय हा शब्द एका कुळातले आहेत हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

मेट म्हणजे मित्र नव्हे. ऑस्ट्रेलियन लोकांचा मेट वेगळा, तो ‘एका पंगतीत जेवणारा’ अशा अर्थाचा, इंग्रजी मीटचा नातेवाईक, कारण मीट म्हणजे पूर्वी कुठलंही अन्न. चेकमेटमधला मेट म्हणजे फारसी ‘मात’. आपलीच मात! आणि इथे मला पुष्कळ डिक्शनऱ्यांशी भांडायचंय. त्या बिनधास्त छापतात की शाह मात म्हणजे ‘राजा मेला’. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला हे खरं आहे, पण खेळ अरबांकडे इराणातून गेला आणि फारसीत मेलेल्याला ‘मुर्दा’ म्हणतात, मात नाही. फारसीत मात म्हणजे थिजलेला, गोंधळलेला, काही सुचत नाही असा. आजही इराणी माणूस थक्क झाला की ‘मात ओ मबहूत’ म्हणतो. आणि खेळ तरी काय सांगतो? बुद्धिबळात राजा मरतच नाही. हत्ती मरतो, घोडा मरतो, वजीर मरतो, राजाला पटावरून कुणी उचलत नाही, त्याला हलायला घर उरत नाही आणि डाव तिथेच थांबतो. ‘राजा मेला’ हे ऐकायला नाट्यमय आहे म्हणून एकाचं बघून दुसरा छापतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता यावरून आपल्याकडचं दुखणं. ‘कॅन्सरला मात दिली’, ‘भारताने पाकिस्तानला मात दिली’. रोज टीव्हीच्या पट्टीवर हेच. हे हिंदी आहे, हिंदीत बरोबर आहे, मराठीत मात करतात, तीही ‘वर’ लावून: कॅन्सरवर मात केली. कुणी म्हणेल काय फरक पडतो. फरक शब्दातच आहे. शह ही हाक आहे, ‘शाह!’ असं ओरडून समोरच्याला सावध करायचं, म्हणून शह देतात. मात ही अवस्था आहे, राजाची झालेली गत, ती होते किंवा आपण करतो, ती द्यायची कशी? फारसीतही बघा, शहाला आता ते ‘कीश’ म्हणतात आणि ‘कीश दादन’ म्हणजे कीश देणे, पण मात मात्र ‘मात कर्दन’, मात करणे. शब्द बदलला तरी देण्या-करण्याचा हिशोब मराठीत आहे तोच तिथे आहे.

आमचे आजोबा ओसरीवर खेळायचे, लाकडी सोंगट्या, उंटाची मान तुटलेली. त्यांना प्याद्याने मात करायची भारी हौस, त्यासाठी वजिराने संपणारा डाव मुद्दाम लांबवायचे. दर वेळी मोठ्याने ‘शह दिला’ म्हणायचे, आणि शेवटी प्यादं टेकवून, एक बोट त्याच्यावर तसंच ठेवून, अगदी हळू आवाजात ‘मात झाली’. ‘मात दिली’ त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

आणि हो, मुलाला सांगा, ‘आय बीट हिम’.