दातानं नारळ फोडणारा उंदीर खरंच आहे का?

प्रश्न : सर, नातवानं व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवला, खाली लिहिलंय मांजराएवढा उंदीर आहे आणि दातानं नारळ फोडतो. खरं आहे का ओ हे? आमचं मार्केट यार्डात धान्याचं गोडाऊन आहे, आधीच घुशींनी जीव खाल्लाय, त्यात हा कुठनं जहाजातनं आला तर?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : फोटो मी काही बघितला नाही, पण असा उंदीर आहे बघा. पॅसिफिक समुद्रात सोलोमन बेटं आहेत, त्यातल्या वांगुनू नावाच्या बेटावर राहतो, तिथले लोक त्याला विका म्हणतात. मांजराएवढा वगैरे फॉरवर्डवाल्यांनी चढवून सांगितलंय, शेपटी धरून साधारण दीड फूट आणि वजन अर्धा ते एक किलो, म्हणजे आपली मोठी घूस पण त्याला काही कमी नाही! फरक एवढाच की घूस जमीन पोखरते आणि हा गडी उंच झाडांवर राहतो.

नारळ फोडतो असं तिथले लोक सांगतात. पण नगाली म्हणून एक फळ असतं तिकडं, त्याची कवटी भयंकर टणक, ती तो दातानं कुरतडून गोल भोक पाडतो आणि आतला गर खातो, रानात अशी भोकाची टरफलं सापडतात.

गंमत म्हणजे गावकऱ्यांना हा कधीपासून माहीत होता. टायरोन लॅव्हेरी नावाचे शास्त्रज्ञ त्यांचं ऐकून कितीतरी वर्षं शोधत होते, कॅमेरे लावले, काहीच नाही. शेवटी 2015 मध्ये लाकूडतोडीत एक मोठं झाड पडलं, त्याबरोबर हा पण पडून मेला, आणि तेवढ्या एकावरनं 2017 मध्ये नवीन जात म्हणून जाहीर झाली. जिवंत उंदराचे फोटो तर 2023 मध्ये छापून आले, तेही कसे मिळाले तर झायरा गावच्या लोकांच्या मदतीनं रानात तिळाचं तेल ठेवलं, त्या वासानं चार उंदीर कॅमेऱ्यासमोर आले. चारच!! बाकीच्या बेटावरचं रान लाकडासाठी तुटत चाललंय आणि झाड गेलं की याचं घरच गेलं, म्हणून आता नामशेष व्हायच्या अगदी काठावर आहे.

तेव्हा तुमच्या गोडाऊनात तो यायचा काही प्रश्नच नाही. उलट आपल्या भागातला काळा उंदीरच जहाजातनं जगभर पसरला आणि पार सोलोमन बेटांवर जाऊन बसलाय. घुशींचं म्हणाल तर पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळीवर ठेवा, बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटनं बुजवा, आणि सांडलेलं धान्य रोज संध्याकाळी झाडून घ्या.